हक्काचा शत्रू कसा जपावा

एखादी महासत्ता चालवण्याची जबाबदारी उद्या आपल्यावर येऊन पडली, तर पहिल्याच पत्रकार परिषदेत कोणीतरी हमखास विचारेल की, जगातील दोन बलाढ्य प्रतिस्पर्धी राष्ट्रांमधले वैर कधी संपू शकते का. अशा वेळी उत्तराची घाई करू नये. क्षणभर थांबावे, चष्मा काढून हातात धरावा आणि इतिहास, भूगोल व समोरच्या देशाचा मुळातलाच स्वभाव या तिघांवर भार टाकून खेदाने मान हलवावी. या उत्तराने सर्वांचेच समाधान होते. ज्यांना शांतता हवी असते त्यांना आपला नाइलाज कळतो, आणि ज्यांना ती नको असते त्यांची पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात सोय होते. खरी गोष्ट मात्र आपल्यापुरतीच ठेवावी. महासत्तांमधले वैर दिसते तसे दणकट नसते. त्याची प्रकृती फार नाजूक असते, त्याला वेळच्या वेळी खुराक द्यावा लागतो, आणि थोडी हेळसांड झाली तरी ते दगावण्याचा धोका असतो.

नवशिक्याने यासाठी अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांचा कित्ता गिरवावा. २५ एप्रिल १९४५ रोजी जर्मनीतील टॉरगाऊजवळ, एल्ब नदीच्या काठी, पश्चिमेकडून आलेले अमेरिकी आणि पूर्वेकडून आलेले सोव्हिएत सैनिक एकमेकांना भेटले आणि त्यांनी हातात हात घेऊन छायाचित्रे काढून घेतली. सोव्हिएत सैन्याचा अभिमान असलेली कात्यूशा अग्निबाणांची यंत्रे तेव्हा कितीतरी ठिकाणी अमेरिकेहून आलेल्या स्टुडबेकर ट्रकांच्या पाठीवर बसवलेली होती. इतक्या प्रतिकूल परिस्थितीतून सुरुवात करूनही दोन्हीकडच्या कर्त्या पुरुषांनी अवघ्या चार वर्षांत बर्लिनची नाकेबंदी, नाटोची स्थापना आणि सोव्हिएत अणुस्फोट एवढी मजल मारली. स्टालिनने पूर्व युरोपात जे केले त्याचा या यशातला वाटा मोठा आहे हे मान्य केले पाहिजे. तरीही अशा कामाचे सगळे श्रेय एकाच बाजूला देऊन टाकणे दुसरीवर अन्याय करणारे होईल.

शत्रूची ताकद मोजताना स्वतः मोजण्याच्या फंदात पडू नये. तो जेवढी दाखवील तेवढी, आणि वर थोडी अधिक, धरून चालावे. १९५५च्या उन्हाळ्यात मॉस्कोजवळच्या तुशिनो विमानतळावर हवाई दलाचा सोहळा झाला, तेव्हा मोजकीच नवी बॉम्बफेकी विमाने प्रेक्षकांच्या डोक्यावरून गेली, नजरेआड वळसा घालून परत आली आणि पुन्हा डोक्यावरून गेली. खाली बसलेल्या अमेरिकी अधिकाऱ्यांनी ती इमानेइतबारे मोजली. त्यावरून वॉशिंग्टनमध्ये आपण बॉम्बफेकी विमानांत मागे पडलो अशी ओरड झाली, पाठोपाठ क्षेपणास्त्रांतही मागे पडलो अशी झाली, आणि १९६०ची अध्यक्षीय निवडणूक या मागे पडण्यावर बऱ्यापैकी रंगली. पुढच्याच वर्षी उपग्रहांची छायाचित्रे नीट पाहिल्यावर समोरच्याकडे आंतरखंडीय क्षेपणास्त्रे अगदीच थोडी असल्याचे कळून चुकले. एखाद्या अननुभवी सरकारने इथे हात आखडता घेतला असता. साप साप म्हणून भुई धोपटायला काढलेली काठी खाली ठेवायची नसते हे अमेरिकेने ओळखले, आणि मिनिटमन जातीची हजार क्षेपणास्त्रे जमिनीत पुरून झाली. मग सोव्हिएत संघालाही खरोखरच तेवढी बांधणे भाग पडले आणि आधी केलेली ओरड अखेर खरी ठरली.

शत्रूशी बोलण्याची सोय शक्यतो करू नये. ऑक्टोबर १९६२मध्ये क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आले असताना वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत अनातोली दोब्रिनिन यांना मॉस्कोला तातडीचा मजकूर कळवायचा असला, की तो सांकेतिक लिपीत उतरवून वकिलातीतून फोन करून तारेच्या कंपनीचा माणूस बोलवावा लागे. तो सायकलवरून येई, कागद घेई आणि पेडल मारत निघून जाई. वाटेत तो कुठे गप्पा मारत थांबला नाही म्हणजे मिळवली, एवढीच आशा राजदूतांच्या हाती उरे. दुसऱ्या बाजूने सोव्हिएत नेते ख्रुश्चोव्ह यांचे २६ ऑक्टोबरचे लांबलचक पत्र वॉशिंग्टनला पूर्ण पोहोचून वाचले जाईपर्यंत जवळपास बारा तास गेले. वैराच्या दृष्टीने ही आदर्श व्यवस्था होती, पण पुढच्याच वर्षी दोघांनी लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम आणि हेलसिंकी अशी फिरवून थेट तार टाकली आणि या व्यवस्थेचे नुकसान केले. लोक समजतात तसा तो लाल रंगाचा फोन नव्हता. ते तारेवरून आलेला मजकूर छापणारे टंकमुद्रक होते, कारण तोंडाने बोलण्यात माणसे घसरतात, पुढच्याच्या आवाजातली भीती ऐकू येते आणि नको तेवढी समजूत वाढते.

याच प्रकरणातून तडजोडीविषयीचाही एक मौलिक नियम निघतो. सोव्हिएत क्षेपणास्त्रे क्यूबात असणे हा मानवजातीविरुद्धचा गुन्हा होता, तर अमेरिकी क्षेपणास्त्रे तुर्कस्तानात असणे ही केवळ खबरदारी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कायद्यात कोणी लिहून ठेवले नसले, तरी पाळतात सगळेच. शेवटी एकाने क्यूबातून माल हलवला आणि दुसऱ्याने तुर्कस्तानातून हलवण्याचे कबूल केले. मात्र दुसऱ्या भागाची वाच्यता करायची नाही अशी अट होती, आणि अमेरिकेच्या बाजूने ती पंचवीसेक वर्षे पाळली गेली. त्यामुळे एका संपूर्ण पिढीला असे शिकता आले की शत्रूसमोर ताठ उभे राहिले की तो आपणहून डोळे खाली घालतो. देवाणघेवाण करून संकट टळले हे तिला कळले असते, तर पुढच्या संकटातही लोकांनी देवाणघेवाणच मागितली असती.

वैराची लढाई आपल्या अंगणात करू नये. कोरिया, व्हिएतनाम, अंगोला, अफगाणिस्तान अशी प्रशस्त मैदाने उपलब्ध असताना स्वतःच्या शेतीवाडीची नासाडी करण्यात शहाणपण नाही. आणि आपल्याकडे बांधाच्या वीतभर जमिनीचा दावा तालुक्याच्या कोर्टात तीन पिढ्या चालतो, तो भावाभावांच्या रागापेक्षा दोन्हीकडच्या वकिलांच्या चिकाटीवर अधिक चालतो, हे लक्षात ठेवून आपल्या देशातही अशा चिकाटीच्या माणसांचा वर्ग उभा करावा. शस्त्रांचे कारखाने जितक्या मतदारसंघांत पसरतील तितके पसरवावेत, शत्रूच्या अभ्यासाची अध्यासने निर्माण करावीत, निवृत्त सेनापतींना कारखान्यांच्या संचालक मंडळांवर जागा द्याव्यात. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर हे स्वतः पाच ताऱ्यांचे सेनापती. त्यांनी जानेवारी १९६१मध्ये खुर्ची सोडताना या वर्गापासून सावध राहण्याचा इशारा देशाला दिला. खुर्चीवर असताना नव्हे, सोडताना दिला, एवढे तारतम्य त्यांनीही बाळगले.

इतकी तटबंदी करूनही धोका उरतोच, आणि तो बहुतेक वेळा समोरासमोरच्या भेटीतून येतो. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्याएवढा कडवा साम्यवादविरोधक शोधून सापडला नसता. मार्च १९८३मध्ये त्यांनी सोव्हिएत संघाला दुष्ट साम्राज्य म्हटले होते. असा खणखणीत माणूस ऑक्टोबर १९८६मध्ये आइसलँडमधल्या रेक्याविक येथे एका पांढऱ्या घरात सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्यासमोर दोन दिवस बसला, आणि सगळीच्या सगळी अण्वस्त्रे नष्ट करू या इथपर्यंत दोघांचे बोलणे गेले. अंतराळातील क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या चाचण्या प्रयोगशाळेबाहेर करायच्या की नाहीत यावर ते फिसकटले म्हणून निभावले. तरी वर्षभराने करार झालाच, आणि त्यापायी दोन्ही बाजूंची मिळून २,६९२ क्षेपणास्त्रे मोडीत निघाली. मे १९८८मध्ये रेगन मॉस्कोच्या लाल चौकात फिरत असताना कोणीतरी त्या दुष्ट साम्राज्याची आठवण काढली, तेव्हा ती वेगळ्या काळातली गोष्ट होती असे त्यांनी सांगून टाकले. त्याच सुमारास अमेरिकेचा अभ्यास करणारे सोव्हिएत तज्ज्ञ गिओर्गी अर्बातोव्ह अमेरिकी लोकांना सांगत असत की, आम्ही तुमचे भयंकर नुकसान करणार आहोत, आम्ही तुमचा शत्रू हिरावून घेणार आहोत. ही धमकी सोव्हिएत संघाने दिलेल्या सर्व धमक्यांमध्ये सर्वात गंभीर होती, आणि ती अमलातही आली.

ज्यांना हे टाळता आले नाही त्यांचे काय होते, ते पाहायचे असल्यास फ्रान्स आणि जर्मनीकडे पाहावे. पण जास्त वेळ पाहू नये. अल्सासमध्ये १८६९ साली जन्मलेल्या आणि दीर्घायुषी ठरलेल्या बाईने घराचा उंबरठा न ओलांडता चार वेळा देश बदलला: १८७१मध्ये जर्मन, १९१८मध्ये फ्रेंच, १९४०मध्ये पुन्हा जर्मन, आणि मग पुन्हा फ्रेंच. सत्तर वर्षांत तीन युद्धे आणि शाळेच्या पुस्तकापासून स्मशानातल्या दगडापर्यंत मुरलेला द्वेष, असे हे घसघशीत भांडवल होते. ते कशात वाया गेले, तर कोळसा आणि पोलादात. मे १९५०मध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनी सुचवले की, ज्या दोन वस्तूंशिवाय तोफ ओतता येत नाही त्या दोन्ही देशांनी एका सामायिक अधिकाराखाली द्याव्यात. पुढच्या वर्षी करार झाला आणि मग दर टनामागचे दर, कोटे, उपसमित्या आणि त्यांची इतिवृत्ते असा कारभार सुरू झाला. कोणी कोणाला क्षमा केली नव्हती, स्वभावही बदललेले नव्हते. फक्त दर आठवड्याला त्याच लोकांशी त्याच टेबलावर टनांचा हिशेब करायचा असल्यामुळे युद्धाला सवड मिळेनाशी झाली. भावनेने संपणारे वैर भावनेने परत आणता येते. हिशेबाने संपलेले परत आणणे फार कष्टाचे असते, म्हणून आपल्या कारकुनांना शत्रूच्या कारकुनांपासून चार हात दूर ठेवावे.

हिशेबाच्या गोष्टी घडल्याच, तर निदान त्यांचा गाजावाजा होऊ देऊ नये. १९९३ ते २०१३ या वीस वर्षांत रशियाने आपल्या अण्वस्त्रांतले ५०० टन अतिसमृद्ध युरेनियम सौम्य करून अमेरिकेला विकले, आणि त्या काळात अमेरिकेत तयार होणाऱ्या विजेचा सुमारे दहावा हिस्सा त्यातून येत होता. ज्या बॉम्बच्या भीतीने अमेरिकी मुले शाळेत बाकाखाली लपायला शिकली, त्याच बॉम्बवर पुढे त्यांच्या नातवंडांचे दिवे लागले. याचा एकही राष्ट्रीय दिन साजरा होत नाही, ही दक्षता वाखाणण्यासारखी आहे. आपल्याकडे तारापूरला त्याहूनही गमतीचा प्रकार झाला. अमेरिकी कंपनीने बांधलेली तिथली अणुभट्टी १९६९मध्ये सुरू झाली, १९७४च्या पोखरण स्फोटानंतर अमेरिकेने इंधनाबाबत हात वर केले, आणि मग फ्रान्सने, चीनने व शेवटी रशियाने तिला इंधन पुरवले. जगातले निम्मे वैरी पालघर जिल्ह्यातल्या एका चुलीत नांदले आणि मुंबईकडच्या विजेच्या दिव्यांना त्याचा पत्ता नव्हता.

वैर हातचे गेल्यावर ते परत कसे मिळवावे, यासाठी सोव्हिएत संघ मोडल्यानंतरचा, म्हणजे १९९१नंतरचा काळ अभ्यासावा. जिंकणाऱ्याने आपण जिंकलो हे दर वर्षी मोठ्याने सांगावे, हरणाऱ्याने ते दर वर्षी मोजून ठेवावे. २००८मध्ये बुखारेस्टला नाटोने युक्रेन आणि जॉर्जिया सदस्य होतील असे जाहीर केले, पण केव्हा ते सांगितले नाही. म्हणजे रशियाला चिडवण्याइतके वचन झाले आणि त्या दोघांचे रक्षण करण्याइतके झाले नाही. रशियाने त्याच वर्षी जॉर्जियात, २०१४मध्ये क्रिमियात आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी संपूर्ण युक्रेनवर सैन्य घालून आपल्या बाजूची उणीव भरून काढली. कोणाच्या चुकीचे वजन किती यावर भरपूर शाई खर्च झाली आहे. शेजाऱ्याच्या घरात रणगाडे कोणी घातले, याबद्दल मात्र शंका नाही, आणि ज्याचे घर गेले त्या खारकीव्हच्या माणसाला असल्या लेखांत विनोद दिसण्याचे काही कारण नाही. मधल्या काळात करारही एकेक करून निकाली निघाले: क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांचा २००२मध्ये, रेगन आणि गोर्बाचेव्ह यांचा २०१९मध्ये.

एक शेवटची जागा तेवढी दुर्लक्षित राहिली आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात नोव्हेंबर २०००पासून अमेरिकी आणि रशियन माणसे अखंड एकत्र राहत आहेत. २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाला त्याच दिवशी रशियाच्या अंतराळ संस्थेचे तेव्हाचे प्रमुख दमित्री रोगोझिन यांनी विचारले की, आम्ही सहकार्य थांबवले तर हे पाचशे टनांचे धूड अमेरिकेवर किंवा युरोपवर कोसळण्यापासून कोण वाचवणार. ते भारतावर आणि चीनवर टाकण्याचाही पर्याय आहे, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. दोघांच्या भांडणात तिसऱ्याच्या डोक्यावर काय पडू शकते, हे इतक्या नेमक्या वजनासह आजवर कोणी सांगितले नव्हते. तरीही महिनाभराने अमेरिकी अंतराळवीर मार्क वांडे हाय हे दोन रशियन सहकाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून रशियन यानातून कझाकस्तानात सुखरूप उतरले. ही जवळीक मोडण्याच्या बाबतीत २००९मध्ये चांगली सुरुवात झाली होती. रशियन अंतराळवीर गेन्नादी पादाल्का यांनी तेव्हा एका वृत्तपत्राकडे तक्रार केली होती की, खर्चाच्या वाटणीवरून खालच्या अधिकाऱ्यांनी प्रत्येकाने आपापल्या देशाचेच अन्न खावे आणि आपापल्या देशाचेच शौचालय वापरावे असा दंडक घातला आहे, आणि त्याने वरच्या मंडळींचे मन खट्टू होते. पुढचे स्थानक बांधताना आराखड्यातच दोन स्वतंत्र शौचालये, मध्ये एक भिंत आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना आतून कडी, एवढी तरतूद न विसरता करून घ्यावी.