खुलासा: उगवतीचा चंद्र हवेमुळे मोठा होत नाही

‘क्षितिजाजवळ हवेचा जाड थर भिंगासारखा वागतो, म्हणून चंद्र मोठा दिसतो’ हा मजकूर पौर्णिमा आली की फिरू लागतो. तो चुकीचा आहे. हवेमुळे चंद्र तांबूस होतो हे खरे, पण ती त्याला मोठा करत नाही. उलट अगदी क्षितिजावर वक्रीभवनामुळे (हवेतून येताना प्रकाश वाकल्यामुळे) खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते आणि चंद्र उभ्या दिशेने चपटा होतो. शिवाय माथ्यावरच्या चंद्रापेक्षा उगवता चंद्र आपल्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येइतका, म्हणजे सुमारे ६,४०० किमी, लांब असतो. त्यामुळे तो दीडेक टक्का लहानच भरतो.

पडताळून पाहा. फाईलच्या पंचिंग मशीनने कागदाला भोक पाडा (व्यास साधारण ६ मिमी) आणि हात पूर्ण ताणून एका डोळ्याने त्यातून चंद्र पाहा. उगवताना आणि मध्यरात्री तो त्या भोकात सारखाच बसतो. चंद्राचा कोनीय व्यास (त्याच्या दोन कडांमध्ये डोळ्याशी होणारा कोन) सुमारे अर्धा अंश असल्याने हे जमते. कोपर वाकले तर मोजणी फसते.

मोबाईलने तपासायचे तर दोन्ही वेळा झूम तोच ठेवा आणि एक्स्पोजर हाताने कमी करा, नाहीतर प्रकाश पसरून वरचा चंद्र फुगलेला येतो. मोजायची ती आडवी रुंदी.

मोठेपणा घडतो तो मेंदूत. झाडे-इमारतींच्या पलीकडचा चंद्र मेंदू अधिक दूर धरतो आणि म्हणून तेवढाच दिसणारा चंद्र मोठा समजतो, ही त्याची सर्वांत परिचित उपपत्ती. तिच्यावर अजून एकमत नाही.