नारळाच्या वाडीत एक सापळा पुरे? एका दाव्याचा प्रतिवाद

कोकणातल्या नारळ बागायतदारांमध्ये एक संदेश सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा, की वाडीच्या मधोमध एखाद्या माडाला कामगंध सापळा, म्हणजे भुंग्यांना ओढणाऱ्या वासाची कुपी टांगलेली बादली, बांधला म्हणजे गेंड्या आणि सोंड्या हे दोन्ही भुंगे त्याच्या वासाने ओढले जातात, बादली भरली की वाडी वाचते, आणि मग खतखड्डा उपसण्याची किंवा माडावर चढून शेंडा तपासण्याची गरजच उरत नाही. सापळा हे खरोखर चांगले साधन आहे. म्हणूनच त्याच्याविषयी असे काही पसरणे मला घातक वाटते, कारण या भरवशावर राहून ज्याचे माड जातील, तो पुढे सापळ्यालाच नावे ठेवील.

एकाच ल्युरवर, म्हणजे वासाच्या कुपीवर, दोन्ही भुंगे येतात, हे चूक आहे. गेंड्याचा गंध इथिल ४-मिथाइलऑक्टॅनोएट हा, तर सोंड्याचा मुख्यतः फेरुजिनिऑल. दोन्हींची ओळख १९९० च्या दशकात पटली. बोंडअळीच्या सापळ्यात फक्त नर पतंग येतात. भुंग्यांचे हे गंध मात्र नर सोडतो आणि त्यांवर नर-मादी दोघेही येतात, हा मोठाच फायदा आहे. सापळ्याची घडणही निराळी लागते. गेंड्या उडत येऊन आपटतो, म्हणून बादलीवर उभ्या पट्ट्या हव्यात. सोंड्या बाहेरून चढून भोकातून आत शिरतो, म्हणून त्याला पाय रोवता यावेत यासाठी बादलीला गोणपाट गुंडाळावे लागते. शिवाय सोंड्यासाठी नुसती ल्युर पुरत नाही, तिच्यासोबत पाण्यात आंबत ठेवलेले उसाचे तुकडे किंवा खजूर असावे लागतात, आणि ते सुकले की ल्युर ताजी असूनही भुंगे येईनासे होतात.

माडालाच सापळा बांधण्याचा सल्ला तर उलटा आहे. गंधाने ओढला गेलेला प्रत्येक भुंगा बादलीत पडत नाही. काही जवळच्याच माडावर उतरतात. १९८० च्या दशकात अमेरिकेत केंटकी विद्यापीठात जपानी भुंग्यावर झालेल्या प्रयोगांत सापळ्यांच्या आसपासच्या झाडांची पाने अधिक खाल्ली गेल्याचे आढळले होते. म्हणून सापळा माडांपासून अंतर राखून, वाडीच्या कडेला लावावा, आणि लहान रोपांपासून तर आणखी लांब.

'बादली भरली म्हणजे वाडी वाचली' हे विधान सर्वांत फसवे आहे. गेंड्या माडावर फक्त खायला येतो. सुईत, म्हणजे शेंड्यातल्या न उलगडलेल्या झावळीत, शिरून कोवळा गाभा कुरतडतो आणि पुढे उलगडलेली झावळी कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. त्याची अंडी आणि अळ्या मात्र शेणखतात, पालापाचोळ्यात आणि कुजत्या खोडांत असतात. अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात, आणि त्या काळात सापळ्याचा अळीशी काडीचाही संबंध येत नाही. बादलीत भुंगे पडत राहिले, तर त्याचा अर्थ इतकाच, की जवळपास कुठेतरी पैदास चालू आहे. तिथे खत उकरून इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या वेचाव्या लागतात, खड्ड्यात मेटारायझियम ही अळ्यांना मारणारी हिरवी बुरशी मिसळावी लागते.

शेंडा तपासणेही चुकत नाही. गेंड्याने केलेल्या जखमेत सोंड्याची मादी अंडी घालते, आणि एकदा अळी खोडात शिरली की बाहेरचा कोणताही गंध तिला बाहेर काढू शकत नाही. खोडाच्या भोकातून झिरपणारा तपकिरी चिकट रस आणि चावलेला भुसा वेळीच दिसला, तर माड वाचवता येतो. शेंडा कलल्यावर फारसे काही उरत नाही. त्यामुळे सुईत बसलेला गेंड्या लोखंडी आकडीने ओढून काढणे आणि आतल्या झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पावडर व वाळू भरणे, ही जुनी कामे सापळ्यामुळे रद्द होत नाहीत.

एकट्याने सापळा लावून भागत नाही, कारण भुंगे कुंपण जाणत नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर असंख्य माड आणि पोफळी आडव्या झाल्या. माडाचे असे पडलेले खोड शेजारच्या वाडीत कुजत राहिले, तर तिथे जन्मणारे भुंगे आपल्याही माडांवर येणारच. ज्या गावाला सापळे घ्यायचे आहेत, त्याने आधी ही खोडे चिरून, जाळून किंवा हलवून मोकळी करावीत, आणि सापळे सर्वांनी मिळून पावसाळ्याच्या तोंडावर लावावेत.