वीस तारखेचा राग

जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचे महिन्याचे विवरणपत्र, भरायची शेवटची तारीख वीस. हे मला ठाऊक, सरकारला ठाऊक, गोव्यातल्या फोंड्याच्या माझ्या हार्डवेअरवाल्या क्लायंटलाही ठाऊक. तरी त्याची बिले माझ्याकडे पोचतात ती एकोणिसाच्या तिन्हीसांजेला. बिले म्हणजे एक नायलॉनची पिशवी. तळाशी दोन-तीन खिळे असतात, ते मी मोजून परत करतो. उद्या कोणी म्हणायला नको की हिशेबनिसाने माल लाटला.

पूर्वी मी फोंड्यात गाळ्यावर बसायचो. खाली बसचे कंडक्टर 'पणजी पणजी पणजी' असा अखंड जप करायचे, समोर वेल्डिंग चालायचे, आणि त्या गदारोळात माझे आकडे कधी चुकले नाहीत. कोविडनंतर भाडे वाचवायला म्हार्दोळच्या घरी वरच्या खोलीत टेबल टाकले. शांतता मिळाली आणि काम सुचेनासे झाले. शांततेत माणसाला नको ते ऐकू येते. झावळ पडले, ते आपल्या माडाचे की शेजारच्या? मासेवाल्याची गाडी हॉर्न मारत गेली, थांबली का नाही? बांगडे संपले असतील का? पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, पों-पों आले की बायकोने पोई (आमचा गव्हाचा पाव) घेतली की नाही ते बघायला मी स्वतः जिना उतरायचो. पोई तिनेच घेतलेली असायची, रोजच घेते.

चिरंजीव पुण्याला इंजिनिअरिंग शिकतात. ते फोनवर म्हणाले, "पपा, तुम्हाला बॅकग्राउंड म्युझिक पाहिजे. त्याने फोकस वाढतो." ज्याचे तीन विषय राहिलेत त्याच्याकडून फोकसचा सल्ला घ्यावा का, हा विचार मनात आला, पण मुलगा आपणहून फोन करतो तो प्रसंग जपायचा असतो.

त्याने लो-फायची, म्हणजे पोरे अभ्यासाला लावतात त्या संथ संगीताची, लिंक पाठवली. पडद्यावर चित्रातली एक मुलगी हेडफोन लावून लिहीत बसलेली, खिडकीत मांजर, मागे तबल्याचा सराव अर्धवट सोडून कोणी चहाला गेल्यासारखे संगीत. वाईट नव्हते. पण मी हिशेब सोडून त्या मुलीकडेच बघत बसलो. ही पान उलटते का? उलटत नाही. २०२२च्या जुलैत स्वामित्वहक्काच्या एका खोट्या तक्रारीमुळे हे प्रक्षेपण बंद पडले होते, तेव्हा जगभरची पोरे हळहळली म्हणे. मला वाटते त्या मुलीला तेवढीच सुट्टी मिळाली असेल. इतकी वर्षे अभ्यास करते आणि परीक्षा काही येत नाही. मला तिच्यात माझा मुलगा दिसू लागला आणि मी लिंक बंद केली.

मग मोझार्ट. मोझार्टने बुद्धी वाढते असे मी कुठेतरी वाचले होते, म्हणून आधी नीट माहिती काढली (रिटर्न बाजूला ठेवून, अर्थात). १९९३ साली अमेरिकेत कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांना मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा दहा मिनिटे ऐकवला, आणि घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल वगैरे कोडी त्यांना थोडी बरी सुटली. परिणाम टिकला जेमतेम दहा-पंधरा मिनिटे. एवढ्या भांडवलावर १९९८ साली जॉर्जियाच्या गव्हर्नरने राज्यातल्या प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत द्यायचे म्हणून १ लाख ५ हजार डॉलर मागितले! दहा मिनिटांत मला पिशवीतले कुठले बिल खरेदीचे आणि कुठले दुकानदाराच्या घरच्या दुधाचे एवढेही कळत नाही. कागद उलगडण्याचे कौशल्य मात्र मला उपयोगी होते, कारण आमच्या दुकानदाराला बिलाची आठ पदरी घडी घातल्याशिवाय चैन पडत नाही. तरी मी मोझार्ट लावला. पण पाच मिनिटांत अण्णा वर आले.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय एकोणऐंशी. निवृत्त शिक्षक, आणि ऐन उमेदीत उत्सवी नाटकांतून गाणी म्हणून रात्रीच्या रात्री जागवलेले. त्यांच्या लेखी पार्श्वसंगीत नावाची वस्तूच नाही. गाणे लागले की खुर्ची ओढायची, डोळे मिटायचे आणि ऐकायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मोझार्ट डोळे मिटून ऐकला, आणि मी क्लायंटचा फोन घेतला तर ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "शू!"

एरिक साती नावाच्या फ्रेंच संगीतकाराचे असेच झाले होते. खुर्ची-टेबलासारखे नुसते खोलीत असावे, लक्ष जाऊ नये, असे 'फर्निचर संगीत' त्याने रचले. १९२० साली पॅरिसमध्ये नाटकाच्या मध्यंतरात ते वाजवले, तर लोक गप्प बसून ऐकायला लागले. बिचारा साती 'अहो बोला, फिरा, ऐकू नका' म्हणत प्रेक्षकांत हिंडला. अण्णा त्या प्रेक्षकांत असते तर त्यांनी सातीलाही 'शू' केले असते.

यावर तोडगा म्हणून हेडफोन घेतले. हेडफोन घातले की अण्णा खालून मारतात ती हाक ऐकू येत नाही, मग ते जिना चढून येतात, आणि ऐंशीला टेकलेल्या माणसाला जिना चढायला लावला म्हणून बायको माझ्याशी दोन दिवस बोलत नाही. त्या दोन दिवसांत काम झाले असते, पण ते दोन दिवस कधी एकोणीस-वीसला येत नाहीत.

मराठी गाणी मी टाळली होती. नाट्यपद लागले की बोल डोक्यात घुसतात आणि आकडे बाहेर पडतात. एकदा १८,३६०च्या जागी १८,६३० लिहिले. फरक २७०. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला की दोन आकड्यांची अदलाबदल झाली असे समजावे, हे आमच्या धंद्यातले पहिले शहाणपण. मी ती चूक शोधली तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. मग वाटले, न कळणाऱ्या भाषेतली गाणी लावावीत. तेही खरे नाही. १९७६ साली एका प्रयोगात जर्मन न येणाऱ्या माणसांना कानावर जर्मन वाचन घालत समोरची अक्षरे ओळीने लक्षात ठेवायला सांगितली, तर त्यांच्याही चुका वाढल्या. मानवी बोलणे कानावर पडले की मन तिकडे धावते, अर्थ कळो न कळो. हे मला नंतर कळले. आधी मी फाडो लावला.

फाडो म्हणजे पोर्तुगालची विरहगीते. मला पोर्तुगीजचा ओ की ठो कळत नाही. पण अण्णांनी गोवा मुक्तीपूर्वी सेगुंद ग्राव या शाळेतल्या परीक्षेपर्यंत पोर्तुगीज शिकून घेतलेले. ते वर आले, खुर्ची ओढली, आणि यावेळी डोळे मिटण्याऐवजी भाषांतर सुरू केले.

"म्हणते, जहाज गेले."

मी इनपुट क्रेडिटचा, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीचा, रकाना भरत होतो.

"म्हणते, धक्क्यावर रोज संध्याकाळी उभी राहते."

मी गप्प.

"म्हणते, आई विचारते रोज कुठे जातेस."

"मग?" मी विचारले. राहवले नाही. "काय सांगते आईला?"

"आता गाऊ दे की तिला," अण्णा म्हणाले. त्या दिवशी आम्ही चार फाडो ऐकले. एकाही जहाजातून कोणी परत आले नाही.

बोलच नकोत, म्हणून निसर्गाकडे वळलो. दहा तास समुद्राची गाज लावली, पण मध्येच जाहिरात लागून एक बाई गृहकर्ज देऊ लागली. मग पाऊस लावला. कौलांवरचा, दहा तास, जाहिरातीशिवाय. श्रावणातली सकाळ, छान ऊन पडलेले, बायकोने गच्चीत कपडे वाळत घातलेले. माझा पाऊस सुरू झाला आणि ती हातातली कढई टाकून धावली. सगळे कपडे काढून आणल्यावर तिला खिडकीतून ऊन दिसले. मग मी दिसलो.

दुसऱ्या दिवशी खरा पाऊस आला. घरातले कोणी जागचे हलले नाही. खालून आवाज आला, "अहो, ते तुमचे पावसाचे बंद करा!" मी म्हटले, माझे बंदच आहे. हे तिला पटेपर्यंत चादरी भिजल्या, आणि अण्णांचे कपडेही. अण्णांनी मात्र खऱ्या पावसाची बाजू घेतली. म्हणाले, "तुझ्या पावसाला लय नाही."

ब्राऊन नॉईज म्हणून एक प्रकार असतो. यातला ब्राऊन म्हणजे तपकिरी नव्हे, रॉबर्ट ब्राऊन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याने पाण्यात थरथरणारे परागातले कण पाहिले, त्या थरथरीच्या गणिताचा हा आवाज. ऐकायला दूधसागर लांबून ऐकावा तसा. लावल्यावर बायको म्हणाली, "पंप चालू राहिलाय का?" आणि पंप बघायला गेली. संपला विषय.

शेवटी एकदा भावनेच्या भरात गायिका केसरबाई केरकर लावल्या. केरी आमच्याच तालुक्यात, १८९२चा जन्म, म्हणजे गावचेच माणूस. गावच्या माणसाने कामात अडथळा आणू नये अशी माझी भाबडी समजूत. केसरबाईंची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर चढली. ती याने आता सूर्याच्या अमलाबाहेरच्या अंतराळात आहेत. जो आवाज तिथवर जायला निघाला, त्याने माझ्या टेबलाच्या कोपऱ्यात पेपरवेटसारखे बसून राहावे? अण्णा दारात आले. माझ्या बोटांखाली की-बोर्ड टकटकत होता. ते मोठ्याने रागावत नाहीत. "केसरबाई चालू आहेत," एवढेच म्हणाले, देवळात चपला घालून आलेल्या माणसाला सांगावे तसे. मी लॅपटॉप मिटला. मिटल्याबरोबर केसरबाईही थांबल्या, तो दुसरा गुन्हा.

तर, गेल्या श्रावणातली वीस तारीख. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आठवड्यावर आलेली. सकाळपासून शेजारच्या पोरांची घुमट आरतीची तालीम. घुमट म्हणजे तोंडाला कातडे ताणलेले मातीचे वाद्य. घुमटाला २०१९ साली गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे असायचे, आता बकरीचे असते. कातडे कुठलेही असो, घुमट, शामेळाचा ढोल आणि कासाळ्याची झांज एकत्र वाजू लागले की गोंयकाराचे हात त्याचे राहत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात बीबीसी कारखान्यांतल्या कामगारांसाठी खास संगीत लावायची, १९४०पासून. तिथे टाळ्यांचे एक गाणे वर्ज्य होते म्हणे, कामगार हातातली अवजारे आपटतील म्हणून. मला त्यांची काळजी पटते. तिसऱ्या आरतीला मी कॅल्क्युलेटरवर ठेका धरला आणि हार्डवेअरवाल्याची उलाढाल नऊ कोटींवर नेली.

दोन वाजता पोरे जेवायला गेली. आणि सव्वादोनला मागच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, गवत कापायचे मशीन सुरू झाले.

पावसाळ्यात गोव्यात राहणाऱ्याला हे मशीन सांगावे लागत नाही. खांद्याला अडकवलेले इंजिन, पुढे गरगरणारे पाते, आणि सबंध वाड्यात भरून राहणारी एकसुरी घरघर. आजवर मी त्या आवाजावर पंचायतीत बोलायची भाषा केली आहे. त्या दिवशी माझे लक्षच गेले नाही. लक्ष गेले तेव्हा चाळीस मिनिटे झाली होती आणि विक्रीची सगळी बिले चढली होती. शब्द नाहीत, ठेका नाही, जाहिरात नाही, जहाज नाही. फोंड्याच्या गाळ्यासमोरचे वेल्डिंग जणू घरी आले होते. ताळा पहिल्या झटक्यात जुळला. जिवंतपणी मोक्ष मिळावा तसे वाटले.

आवाज थांबला. मी गॅलरीत धावलो. तो माणूस पेट्रोल भरत होता.

"संपले?" मी ओरडलो.

"अर्धा तास आणि आहे, पात्रांव," तो म्हणाला. पात्रांव म्हणजे मालक. "त्रास होतो?"

"नाही नाही! सावकाश कर. आमच्याकडचेही कापशील?"

त्याने आमच्या अंगणाकडे पाहिले. दोन वर्षांपूर्वी आम्ही सबंध अंगणात पेव्हर घातलेत. तो काही बोलला नाही. पेट्रोलवाल्या माणसाने शहाण्याशी वाद घालू नये एवढे त्याला कळत होते. त्याने दोरी ओढली, मशीन लागले, मी धावत टेबलाशी. तीन रकाने राहिले होते, फक्त तीन.

तेवढ्यात खुर्ची ओढल्याचा आवाज आला. गॅलरीत.

अण्णा डोळे मिटून बसले होते. मान मशीनच्या दिशेला. "काळी दोन," ते म्हणाले. "मला जरा चढी पडेल. पण सूर पक्का आहे." आणि त्यांनी षड्ज लावला. एकोणऐंशीव्या वर्षी, जेवणानंतर, घरघरत्या तंबोऱ्यावर. लागला. मग हळूहळू रिषभावर आले, कोमल, भैरवीचा.

मी कानात बोटे घालून दुसरा रकाना भरत होतो. बोटे कानात असताना टाईप करता येत नाही हे लक्षात यायला थोडा वेळ गेला.

आणि मशीन थांबले.

मी पुन्हा गॅलरीत. तो माणूस टोपी काढून, मशीन माडाला टेकवून उभा होता. त्याच्यामागे जेवून परत आलेली आरतीची पोरे, एकाच्या गळ्यात घुमट.

"अरे बाबा, चालू कर ना ते!" मी म्हणालो.

त्याने ओठांवर बोट ठेवले.