बाजार वर गेला, पण शुक्रवारी

आज सकाळी दादरहून चर्चगेटला जाताना महिलांच्या डब्यात शेजारी उभी असलेली एक तरुण मुलगी मैत्रिणीला समजावत होती, "बाजार वरच जाणार आहे, मग नुसते शेअर घेऊन किती सुटणार? कॉल घे, थोड्या पैशांत मोठा सौदा होतो." कॉल म्हणजे ठरलेल्या मुदतीला ठरलेल्या भावाने खरेदी करण्याचा हक्क देणारा करार. तिचे हे बोलणे ऐकल्यापासून माझे कामात लक्ष लागलेले नाही.

हेच शब्द माझ्या धाकट्या भावाने ३ जून २०२४च्या रात्री लालबागच्या घरी जेवताना उच्चारले होते. लोकसभा निवडणुकीच्या मतदानोत्तर चाचण्यांच्या जोरावर त्या सोमवारी निफ्टी हा शेअर बाजाराचा निर्देशांक तीन टक्क्यांहून अधिक चढून २३,२६३वर बंद झाला होता, आणि भावजयीच्या पाटल्या तारण ठेवून मिळालेल्या सव्वातीन लाखांचे त्याने गुरुवारी संपणारे २३,३००चे कॉल घेतले होते. निकालाच्या धास्तीने प्रीमियम, म्हणजे कॉलसाठी मोजायची किंमत, आधीच फुगलेले होते, हे त्याला कोणी सांगितले नाही. मंगळवारी मतमोजणी सुरू झाली आणि निफ्टी जवळजवळ सहा टक्के कोसळला. गुरुवारी एक्स्पायरीला, म्हणजे करार संपताना, तो २२,८२१वर होता. कॉलची किंमत शून्य झाली.

शुक्रवारी निफ्टी २३,२९०वर बंद झाला. म्हणजे भावाचा अंदाज खोटा ठरलाच नव्हता. बाजार सोमवारच्या वर गेला, फक्त त्याचा करार संपल्यावर एका दिवसाने. त्याच पैशांचे शेअर घेतले असते, तर मंगळवारी पोटात गोळा आला असता आणि शुक्रवारी सगळे निवळले असते. शेअरला मुदत नसते. कॉलचा प्रीमियम मात्र बाजार जागेवर राहिला तरी रोज वितळतो. फ्युचर्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या खरेदी-विक्रीच्या करारांत, तर मार्जिन (ब्रोकरकडे ठेवलेली अनामत) अपुरे पडले की ब्रोकर सौदा कापून मोकळा होतो, मग बाजार दुसऱ्या दिवशी कितीही उसळो.

मला संताप येतो तो नफ्याचे स्क्रीनशॉट दाखवून शिकवण्या विकणाऱ्यांचा. बाजार नियामक सेबीच्याच अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे (फ्युचर्स) आणि ऑप्शन्समध्ये (कॉल, आणि ठरलेल्या भावाने विकण्याचा हक्क देणारे पुट) उतरलेल्या दर १०० वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ जणांना तोटा झाला, आणि तरीही ही माणसे पोरांना 'तेजीत कॉल, मंदीत पुट' एवढेच शिकवून शुल्क घेतात. गिरणगावात वाढलेल्या आपल्यासारख्यांच्या घरी सोने कशासाठी जपले जाते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

हातातल्या शेअरना संरक्षण म्हणून कोणी पुट घेत असेल, तर ते शहाणपणाचे आहे, आणि कॉल घेणाऱ्याचा तोटा प्रीमियमपुरताच राहतो हेही मान्य. पण तो प्रीमियमच कर्जाचा असेल, तर त्या मर्यादेचा कसला दिलासा?

भावावर मी तेव्हा फार ओरडले. आज त्याचे वाईट वाटते. पाटल्या सोडवायला त्याला चौदा महिने लागले. तेवढ्या काळात भावजय दोन लग्नांना खोट्या बांगड्या घालून गेली आणि आमच्यापैकी कोणालाही तिने कळू दिले नाही.

ती मुलगी चर्नी रोडला उतरली. तिला हे सगळे सांगायला हवे होते आणि मी गप्प राहिले. उद्या त्याच गाडीला, त्याच डब्यात मी चढणार आहे.