रँसला एका दिवसासाठी जाताय? तळघर एकच बघा, चर्च मात्र दोन-तीन

फ्रान्समध्ये शिकायला आलेल्या मुलांची एक दिवसाची सहल ठरली की रँसचं नाव हमखास निघतं. पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान गाडीने पाऊण तास, एकाच गावात राजांच्या राज्याभिषेकाचं कॅथेड्रल आणि शॅम्पेनची तळघरं. बेत बहुधा असा असतो: कॅथेड्रलसमोर फोटो, आत दहा मिनिटांची फेरी आणि उरलेला दिवस तीन तळघरं. माझ्या मते हा बेत साफ चुकीचा आहे, आणि त्यात पैशांबरोबर दिवसही वाया जातो.

तिन्ही तळघरांत गाइड तेच सांगतो. दुसऱ्यांदा आंबवणं, बाटल्या फिरवणं, गाळ काढणं. प्रत्येक भेटीला तास-दीड तास, तिकीट साधारण पंचवीस-तीस युरोपासून पुढे, वर दोन ठिकाणांमधली चाल. तिसऱ्या ग्लासापर्यंत कुणाचंच लक्ष राहत नाही. उलट रँसची चर्चं एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की दोन-तीन बघितल्याशिवाय खाली जमिनीत काय आहे आणि का आहे, हे कळतच नाही.

आधी गाडीचं. तिकिटावर ‘रँस सांत्र’ लिहिलंय ना, हे बघा. ‘शॅम्पेन-आर्देन टीजीव्ही’ हे वेगळं स्टेशन गावाबाहेर आहे, तिथे उतरलात तर ट्रामने किंवा लोकल गाडीने पुन्हा गावात यावं लागतं. २७ वर्षांपर्यंतच्यांनी सवलतीचं ‘कार्त आव्हांताज जन’ काढलं असेल तर टीजीव्हीच्या भाड्यात ३० टक्के सूट मिळते. पण तळघराची वेळ आधी पक्की करा, गाडीचं तिकीट नंतर. विद्यार्थ्यांचे गट नेमकं उलटं करतात आणि पंधरा जणांना एका वेळेला जागा मिळत नाही म्हणून अडकतात.

रँस सांत्रहून कॅथेड्रल पायी पंधरा मिनिटांवर. सकाळी थेट आत जा, दर्शनी भागाचे फोटो संध्याकाळसाठी ठेवा. कारण सूर्याचं आहे. चित्रकार शागालच्या निळ्या रंगीत काचा (१९७४) पूर्वेच्या टोकाच्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात आहेत, त्या सकाळच्या उन्हात उजळतात. दर्शनी बाजू पश्चिमेकडे तोंड करून आहे, तिच्यावरच्या मूर्ती दुपारनंतरच नीट दिसतात आणि मोठी गोल खिडकीही तेव्हाच आतून पेटल्यासारखी होते. रविवारी सकाळी मिसा म्हणजे सामुदायिक उपासना असते, फिरता येत नाही, म्हणून शनिवार बरा.

आत गेल्यावर दक्षिणेकडच्या बाजूच्या दालनात जाक सिमोंने १९५४ मध्ये केलेल्या काचा शोधा. द्राक्षाची लागवड, गाळप, तळघरातलं काम, सगळं संतांच्या चित्रांइतक्याच मानाने रंगवलंय. या गावाचं पोट कशावर चालतं ते तिथे भिंतीवरच दिसतं. शागालच्या काचांसमोर गर्दी असते, इथे बऱ्याचदा कुणी नसतं.

हे कॅथेड्रल १२११ पासून बांधायला घेतलं. १७ जुलै १४२९ ला जोन ऑफ आर्कच्या उपस्थितीत सातव्या चार्ल्सचा राज्याभिषेक इथे झाला, शेवटचा १८२५ मध्ये दहाव्या चार्ल्सचा. राज्याभिषेकाला लोटलेल्या सरदारांच्या पंगतींनी इथल्या वाइनचं नाव झालं, पण ती वाइन साधी, बिनबुडबुड्यांची होती. १९ सप्टेंबर १९१४ ला जर्मन तोफांच्या माऱ्यात मनोऱ्याला लावलेली लाकडी परांची पेटली, छताचं शिसं वितळून वाहिलं आणि डाव्या दरवाजावरच्या हसऱ्या देवदूताचं डोकं खाली पडून फुटलं. ते तुकडे जोडून १९२६ मध्ये परत बसवलं. जळालेल्या लाकडी छताच्या जागी वास्तुतज्ज्ञ आंरी दनोने सिमेंट-काँक्रीटचे छोटे सुटे भाग ओतून, ओकच्या पाचरींनी एकमेकांत अडकवून नवा सांगाडा उभा केला. स्थापत्य शिकणाऱ्यांनी मनोऱ्याची फेरी आवर्जून घ्यावी, हा सांगाडा तिथूनच दिसतो. २५० पायऱ्या आहेत. फ्रान्समध्ये कायदेशीर राहणाऱ्या २६ वर्षांखालच्यांना ती फेरी फुकट असते, त्यासाठी रहिवासाचा परवाना खिशात हवा, नुसतं कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही.

तिथून दक्षिणेला वीस-पंचवीस मिनिटं चाललं की सँ-रेमीचं बॅसिलिका लागतं. गट नेमकं हेच गाळतात, आणि मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं. १०४९ मध्ये पोप नवव्या लिओने याचं पावनीकरण केलं, म्हणजे कॅथेड्रलपेक्षा दीडशेहून अधिक वर्षं जुनं. लांबी १२६ मीटर, पण रुंदीला अरुंद आणि काळोखं. मुख्य दालन जाड, ठेंगण्या रोमानेस्क कमानींचं आणि पुढचा गाभारा हलक्या, उंच गॉथिक बांधणीचा. दगडाची भिंत बारीक होत काचेची कशी झाली, हे पुस्तकात चार आकृत्या काढून समजतं त्यापेक्षा इथे पन्नास पावलं चालून जास्त समजतं. क्लोव्हिस राजाला बाप्तिस्मा देणाऱ्या संत रेमीची कबर इथेच आहे. वर टांगलेल्या वर्तुळाकार झुंबरात ९६ दिवे आहेत, रेमीच्या आयुष्याच्या वर्षांइतके.

आता खालच्या जमिनीकडे. रँस खडूच्या थरावर वसलंय. रोमन काळात बांधकामासाठी तो खडू काढताना वर अरुंद आणि खाली रुंद अशा खाणी खणल्या, तोंड लहान ठेवलं की पाऊस आणि दव आत जात नाही. याच खाणींना क्रेयेर म्हणतात. सँ-रेमीपासून जवळच सँ-निकेजचा मठ होता. तो फ्रेंच क्रांतीनंतर पाडून त्याचा दगड विकला, पण त्याची तळघरं खाली तशीच राहिली आणि आज ती तेतँजे या शॅम्पेन कंपनीच्या तळघरांचा भाग आहेत. एकच तळघर बघायचं असेल तर मी हेच सांगेन. अठरा मीटर खाली रोमन खाण, मध्ययुगीन मठ आणि आजच्या बाटल्या एका फेरीत दिसतात. भव्यता हवी असेल तर पोमरी कंपनीचं तळघर: ११६ पायऱ्या उतरून सुमारे तीस मीटर खाली. गुडघे दुखणारा किंवा बंद जागेची धास्ती असणारा कुणी गटात असेल तर त्याला हे आधी सांगा.

खाली बारा महिने १० ते १२ अंश असतात आणि जमीन ओलसर. जुलैतसुद्धा जाकीट आणि न घसरणारे बूट लागतात. पिवळे दिवे दिसतील, ते शोभेचे नाहीत. प्रकाशातल्या निळ्या आणि अतिनील किरणांनी वाइनला कुजक्या कोबीसारखा वास येतो, म्हणून तसे दिवे.

गाइड भराभर बोलतो, तेव्हा एवढं आधी समजून जा. साध्या वाइनमध्ये लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. दर ४ ग्रॅम साखरेमागे साधारण एक बार दाब तयार होतो, म्हणजे एकूण सहा बार, मोटारीच्या टायरच्या अडीच-तीन पट. जुन्या काळी साखरेचा अंदाज चुकला की बाटल्या धडाधड फुटत, एक फुटली की शेजारच्या जात, आणि कामगार तोंडावर लोखंडी जाळी बांधून खाली उतरत. शालोंच्या फ्रांस्वा नावाच्या औषध-विक्रेत्याने १८३६ च्या सुमारास आधीची शिल्लक साखर मोजून नवी किती घालायची याचं गणित बसवलं, तेव्हा हा धंदा सावरला. बिनसालाच्या, म्हणजे लेबलवर काढणीचं वर्ष नसलेल्या शॅम्पेनला बाटलीत किमान १५ महिने ठेवावं लागतं, त्यातले १२ यीस्टच्या गाळासोबत. मग ६० भोकांच्या तिरक्या फळ्यांवर बाटल्या रोज थोड्या फिरवत, थोड्या उभ्या करत गाळ मानेशी आणतात. हाताने चार ते सहा आठवडे लागतात, यंत्राच्या पिंजऱ्यात आठवडाभर. शेवटी मान उणे २७ अंशांच्या द्रावणात बुडवून गाळाचा बर्फ करतात आणि झाकण उघडलं की दाबाने तो उडून जातो. ब्रूत लिहिलेल्या बाटलीत लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, दमी-सेकमध्ये ३२ ते ५०. पहिल्यांदाच चाखणाऱ्याला ब्रूत आंबट लागते, त्यात बिघडलेलं काही नसतं.

नाशिक-नारायणगावच्या मुलांनी एक फरक मुद्दाम लक्षात घ्यावा. नारायणगावला १९८० च्या दशकातच याच पद्धतीने फेसाळ वाइन बनू लागली, आता दिंडोरीतही बनते. पण आपल्याकडे काळा कातळ, वर ऊन, आणि काढणी जानेवारी ते मार्चमध्ये. इथे खडू जे फुकट देतो, तो थंडावा तिथे वीज जाळून आणावा लागतो. द्राक्षशास्त्र शिकणाऱ्याने त्या खर्चाबद्दल गाइडला जरूर विचारावं.

जेवण तळघराच्या आधी, नंतर नाही. उपाशी पोटी बुडबुड्यांची वाइन लवकर चढते. गुलाबी बिस्किटं इथली खासियत आहेत, पण त्यांत अंडं असतं. न पिणाऱ्याने संकोच करू नये, ओतून टाकायला भांडं मागितलं तर देतात. अठराच्या आतल्यांना बऱ्याच ठिकाणी द्राक्षाचा रस मिळतो.

पाय आणि वेळ उरले तर स्टेशनच्या उत्तरेला मम कंपनीजवळचं फुजिताचं चॅपल. जपानी चित्रकार फुजिताने ख्रिस्ती झाल्यावर, ऐंशीच्या घरात असताना, १९६६ मध्ये ते भित्तिचित्रांनी भरलं, आणि खर्च मम कंपनीचे प्रमुख रने लालू यांनी उचलला. फुजिता स्वतः तिथेच पुरलेला आहे. हिवाळ्यात ते बंद असतं.

बाटली घेणार असाल तर तळघराच्या दुकानापेक्षा गावातल्या सुपरमार्केटमध्ये छोट्या शेतकऱ्यांच्या बाटल्यांचे भाव आधी बघा. लेबलवर बारीक अक्षरात ‘आरएम’ असेल तर ती ज्याची द्राक्षं त्यानेच बनवलेली. भारतात नेताना ती चेक-इन बॅगेत जाते, हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरच्या वर काही चालत नाही, आणि करमाफी माणशी दोन लिटरपर्यंतच आहे, म्हणजे नेहमीच्या आकाराच्या दोन बाटल्या.