प्रचार करायचाच असेल तर घाऊक करा

दहशतवाद्यांचा मजकूर पुढे ढकलायची हौस तर दांडगी, पण तुरुंगाचं नाव काढलं की पोटात गोळा येतो, अशी तुमची अवस्था असेल तर घाबरू नका. तुमचं चुकतंय ते प्रचारात नाही, धंद्याच्या आकारात. तुम्ही किरकोळीत बसलाय. किरकोळीवाल्याला पोलीस नेतात, घाऊकवाल्याला संसदीय समितीपुढे बोलावतात आणि तिथे प्यायला पाणीही देतात.

न्यूझीलंडचंच बघा. १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींवर हल्ला झाला, ५१ माणसं गेली. मारेकऱ्याने गोळीबार फेसबुकवर थेट दाखवला. त्याच शहरातल्या एका व्यावसायिकाने ती चित्रफीत सुमारे ३० जणांना पाठवली. शिवाय तिच्यावर नेमबाजीची खूण आणि मृतांचा आकडा टाकून द्या, असंही एकाला सांगितलं. त्याला २१ महिन्यांची शिक्षा झाली. उत्तम झालं, माझी त्याबद्दल काडीचीही तक्रार नाही. पण ३० जण? एवढ्याशा गिऱ्हाइकीवर आत जायचं म्हणजे कमाल झाली. तिकडे फेसबुकने पहिल्या २४ तासांत त्याच चित्रफितीच्या १५ लाख प्रती काढल्याचं जाहीर केलं. त्यातल्या १२ लाखांहून जास्त चढवतानाच अडवल्या होत्या. उरलेल्या, म्हणजे जवळपास तीन लाख, आधी वर चढल्या आणि मग उतरल्या. हा आकडा आरोपपत्रात आला नाही, कंपनीनेच स्वतःच्या तत्परतेचा दाखला म्हणून दिला.

इथे एखादा कायदेपंडित म्हणेल, अहो, त्या माणसाचा हेतू होता, कंपनीचा नव्हता. अगदी बरोबर. म्हणूनच माझा पुढचा सल्ला असा की हेतू जवळ बाळगूच नका, ते काम यंत्राकडे सोपवा. तुम्ही स्वतः निवडून पाठवलंत तर तो प्रसार. यंत्राने माणसाची आवड ओळखून, रात्री दोन वाजता, एकामागून एक पुढ्यात वाढलं तर ती सेवा.

‘मी वाचलंच नव्हतं, आलं तसं पुढे पाठवलं’ हा आपला लाडका बचाव ब्रिटनमध्ये तर मुळीच काढू नका. तिथल्या २००६च्या दहशतवादविरोधी कायद्यात असा मजकूर पसरवणाऱ्याचा हेतूच सिद्ध व्हावा लागतो असं नाही, परिणामांबद्दलची बेपर्वाईही पुरते. कमाल शिक्षा सात वर्षं होती, २०१९मध्ये ती १५ झाली. फ्रान्स तर पाठवणाऱ्यावरही थांबला नाही, नुसतं पाहणाऱ्याच्या मागे लागला. अशी संकेतस्थळं वारंवार बघणं हा २०१६मध्ये तिथे गुन्हा ठरला, दोन वर्षं कैदेचा. कायदे राज्यघटनेत बसतात का हे तपासणाऱ्या तिथल्या घटना परिषदेने फेब्रुवारी २०१७मध्ये तो रद्द केला, सरकारने थोडी डागडुजी करून पुन्हा आणला, परिषदेने डिसेंबरमध्ये पुन्हा रद्द केला. बघणाऱ्याला पकडायची केवढी ही चिकाटी! दाखवणाऱ्याच्या बाबतीत ती क्वचितच दिसते.

अमेरिकेत मात्र मोठं होण्याचं पुण्य रोकडं मिळतं. २०१०मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की बंदी घातलेल्या संघटनेला वाद शांततेने कसे सोडवावेत याचं प्रशिक्षण देणं हीसुद्धा दहशतवादाला मदत ठरू शकते. म्हणजे ‘बंदुका ठेवा आणि संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करा’ असं त्यांना शिकवायला जाऊ नका, फार जोखमीचं काम आहे. त्याच न्यायालयापुढे २०२३मध्ये दुसरं प्रकरण आलं. २०१७च्या पहिल्याच रात्री इस्तंबूलच्या एका नाइटक्लबमध्ये ३९ जण मारले गेले होते. त्यातल्या एकाच्या नातेवाइकांचं म्हणणं, की ट्विटर, फेसबुक आणि गुगलने ‘आयसिस’ला आपले मंच वापरू दिले, त्यांचा मजकूर लोकांपुढे सरकवला. न्यायालयाने एकमताने दावा फेटाळला. शिफारस करणारं यंत्र सगळ्याच मजकुराला सारखंच वागवतं, त्यामुळे त्याने हल्ल्याला जाणूनबुजून साथ दिली असं म्हणता येत नाही. आधीचा प्रश्न फौजदारी कायद्याचा होता, हा भरपाईचा दावा होता, हा फरक मला मान्य आहे. तरी शांतता शिकवणाऱ्याने धास्तावावं आणि यंत्र लावून बसणाऱ्याने निर्धास्त झोपावं, ही वाटणी मनाला फार भावते.

युरोपात धंदा करणार असाल तर थोडं सांभाळून. जून २०२२पासून तिथे दहशतवादी मजकूर काढायचा आदेश हाती पडला की तासाभरात तो काढावा लागतो. क्राइस्टचर्चचं ते थेट प्रक्षेपण १७ मिनिटांचं होतं, तेव्हा तास तसा ऐसपैस आहे. आणि तुम्ही सवयीने, पुनःपुन्हा टाळाटाळ करत राहिलात, तर दंड जगभरच्या उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. टक्क्यांपर्यंत, वर्षांपर्यंत नव्हे. तेव्हा हातातला तो फोन आधी खाली ठेवा, ३० जणांची यादी पुसा, आणि कंपनी नोंदवायला कुठली कागदपत्रं लागतात ते विचारून या.