कांड्या कुठं भरायच्या?

परवा आर्किटेक्चरच्या पोरांचं प्रदर्शन बघून आलो. विषय, बंद गिरण्यांच्या जागेवर उद्याचं सोलापूर. पोरांनी कष्ट घेतले होते, खोटं कशाला बोलू. चिमणी तशीच ठेवलेली, आत संग्रहालय, आवारात जॉगिंग ट्रॅक, थर्माकोलची झाडं. शेजारची अक्का सोबत होती. मॉडेलभोवती दोन फेऱ्या मारून तिनं विचारलं, "सगळं छान हाय, पण कांड्या कुठं भरायच्या?"

पोरगं हसलं. मला काय हसू आलं नाही. कांड्या म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या, त्या भरल्याशिवाय माग चालत नाही.

1877 ला जुनी मिल सुरू झाली, पुढं नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी. एकेक भोंगा बंद पडला, पण माग थांबला नाही, तो पूर्व भागातल्या घराघरांत शिरला. आजोबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मिलच्या मागावर होते. वडिलांनी घरातच चार माग टाकले. खाली चादर विणायची, वर आम्ही राहायचं. विकास आराखड्यात राहायची जागा पिवळी, कारखान्याची जांभळी. आमच्या घराला कुठला रंग देणार बे?

मिळून वस्ती उभी करणं सोलापूरला नवीन नाही. विडी कामगार बायकांनी कामगार नेते आडम मास्तरांबरोबर वर्षानुवर्षं मोर्चे काढून कुंभारीत कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं 10,000 घरं उभी केली, 2006 ला किल्ल्या मिळाल्या. नंतर रे नगर, 30,000 घरांचं. त्यातली पहिली 15,000 जानेवारी 2024 मध्ये दिली. मला खटकतं ते एवढंच, की घरं गावाबाहेर आणि गिरण्यांच्या जागा गावाच्या पोटात. त्या जागांवर कामगारांची घरं का नकोत, हा प्रश्न एकाही पोस्टरवर नव्हता.

नुसत्या चित्रावर माझा विश्वास नाही, त्याला कारण मुंबई. तिथं 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीची वाटणी होती: एक हिस्सा मोकळी जागा, एक परवडणारी घरं, एक मालकाचा. 1996 ला आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांच्या समितीनं आराखडाही दिला. 2001 ला नियम बदलला आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. पुढं तिथं काय उभं राहिलं ते परळला उतरून बघा.

पोरांनी गिरणीची चिमणी उचलली, छप्पर सोडलं, याचं मात्र वाईट वाटलं. करवतीच्या दात्यासारखं छप्पर, काच उत्तरेकडं. उजेड येतो, ऊन येत नाही. आपल्या चाळीस-बेचाळीसच्या उन्हाळ्यात तुटलेला धागा जोडायला असाच उजेड लागतो. तसं छप्पर घालून सामायिक मागशेड काढा, शेजारी घरं काढा. अक्काच्या पायाखालचा खडखडाट तरी जाईल. मॉडेलमध्ये होती ती सगळी काचेची भिंत, पश्चिमेला तोंड करून!

पोरांनो, टेप घेऊन पूर्व भागात या. मागांच्या मधे बाई बसते किती जागेत, सुताचा टेम्पो गल्लीत वळतो कसा, ते मोजा. चहा माझ्याकडं. फक्त लाईट गेल्यावर या, माग चालू असला की एकमेकांचं ऐकू येत नाही.